थोरलीची हूल

पत्ते हातात आले की माणूस जितका उघडा पडतो, तितका तो शपथ घेतल्यावरही पडत नाही, असे सासऱ्यांचे मत होते. आणि त्या घरात सासऱ्यांचे मत हे नुसते मत नसून वहिवाट होती. त्यांचा धंदा जुन्या लाकडी सामानाचा. बंद पडलेली हॉटेले, उठलेली बिऱ्हाडे, वारसांना नकोशी झालेली घरे यांतले सामान लिलावात निघे. सासरे ते घेत, मागच्या कारखान्यात त्याची डागडुजी होई, आणि पुढच्या दुकानात ते जणू पुनर्जन्म घेऊन उभे राही. या साऱ्या व्यवहाराचा प्राण लिलावगृहातल्या एका खुर्चीत होता. तिथे बसून कोणत्या कपाटावर कोणाचा जीव जडला आहे, कोण उगाच बोली चढवतो आहे आणि कोणाचे बळ सरत आले आहे, हे समोरच्याच्या मुद्रेवरून ओळखावे लागे. सासरे म्हणत, लाकूड पारखायला आपले डोळे पुरतात. बोली लावायला दुसऱ्याचे डोळे वाचता यावे लागतात.

या वाचनाची पाठशाळा त्यांनी दुकानातच मांडली होती. साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी दाराच्या फळ्या लावून, कपाटे आणि आरसे यांच्या गर्दीत मधोमध एक गोल टेबल ओढले जाई आणि घरची माणसे पोकर खेळायला बसत. पैशाला त्या टेबलावर मज्जाव होता. स्क्रू, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पितळी मुठी हेच तिथले चलन. स्क्रू सर्वांत हलका आणि मूठ सर्वांत भारी. प्रत्येकाला पाच पाने मिळत, नकोशी बदलून घेता येत, मग बोली चढे. दम नसेल त्याने पाने पालथी टाकून बाजूला व्हावे. आणि हातात काही नसताना सारे काही असल्याचा आव आणावा, त्याला हूल म्हणत. सासरे स्वतः खेळत नसत. ते पिसत, वाटत आणि पाहत.

अलीकडे त्यांना लिलाववाल्याची हाक नीट ऐकू येईनाशी झाली होती. शेजाऱ्याला विचारून बोली लावणारा माणूस लिलावात हास्यास्पद होतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. म्हणून येत्या मोठ्या लिलावाच्या आत खुर्ची दुसऱ्याच्या हवाली करायची, आणि ती टेबलावर जो टिकेल त्याला द्यायची, असे त्यांनी जाहीर केले. मुलगा की सून, थोरला की धाकटा, हा भेद त्यांनी मानला नाही.

थोरल्या सुनेला हे ऐकून आपला काळ आला असे वाटले. यात गर्व नव्हता. तिचा नवरा भला माणूस. रंधा आणि लाकडाचा भुसा यांत त्याला मोक्ष सापडला होता, आणि पत्ते तो केवळ वडिलांचा मान राखण्यासाठी हरत असे. धाकटा दीर हातात चांगले पान आले की कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होई. चौथा भिडू कारखान्यातला पॉलिशवाला. त्याची जीभ झोपेतही थांबत नसे, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. यांत थोरलीला आव्हान ते कोणते? लग्न होऊन आली तेव्हा तिला गुलाम आणि राजा यांतला फरक कळत नव्हता. पण तिने हा खेळ विद्येसारखा शिकून घेतला होता. कोणती जुळणी कितीदा येते हे तिने वर्षानुवर्षे पाने मांडून मांडून मुखोद्गत केले होते. विकायला आलेल्या ड्रेसिंग टेबलांच्या आरशांसमोर बसून तिने स्वतःचा चेहरा तासला होता; भुवई हलू नये, श्वास चढू नये, बोटांनी चुगली करू नये. आरसे विकले जात, नवे येत, तिचा अभ्यास चालूच राही. लिलावाच्या त्या खुर्चीखेरीज या घरात तिने आपल्यासाठी म्हणून काही इच्छिले नव्हते.

आणि मग धाकट्या दिराचे लग्न झाले.

धाकटी पहिल्या दिवशी टेबलाशी बसली ती केवळ सगळे बसले म्हणून. जुळण्यांची चढती श्रेणी तिला दिराने तिथल्या तिथे सांगितली, ती तिने अर्धी ऐकली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मुठी आणि बिजागऱ्या तिच्यापुढे जमा झाल्या. नवख्याला पहिल्या दिवशी पाने लागतातच, असे म्हणून थोरलीने कौतुक केले. पुढच्या आठवड्यातही तेच झाले. त्याच्या पुढच्याही. धाकटी कधी हरे ती लहान बोलीवर, मोठी बोली झाली की ती एकतर वेळेवर बाजूला झालेली असे, नाहीतर नेमकी थोरलीच्या हुलीवर बोट ठेवून म्हणे, "दाखवा, जाऊबाई." थोरली पाने दाखवी, आणि त्यांत काहीही नसे.

मुनीला नवा विषय मिळाला. हात पॉलिशने माखलेला असो वा चहाच्या कपाने गुंतलेला, तो सांगत सुटे की विद्या दोन प्रकारची, एक पोटातून येते आणि एक पाठांतरातून. पाठांतराची किती घासली तरी ती वरून चिकटवलेली व्हिनिअर, आणि पोटातली ती अस्सल सागवान. हे बोलताना तो थोरलीकडे बघत नसे, आणि तेच तिला अधिक लागे.

"वहिनी, मनावर घेऊ नका," दीर एकदा हसत म्हणाला. "हिला काही येत नाही हो. हिला नुसतं कळतं."

त्या रात्री थोरलीने ते वाक्य उलटसुलट घोळवले. नुसते कळते म्हणजे काय? आजवर तिला काहीही नुसते कळले नव्हते. जे कळले ते झिजून कळले होते. झिजल्यावाचून कोणाला काही कळू शकते, हे मान्य करायचे तर स्वतःची इतकी वर्षे पाण्यात गेली असे म्हणायची वेळ येत होती. त्यापेक्षा धाकटी लबाडी करते आहे, हे मानणे मनाला सोपे गेले. संशयाला बसायला टाचेएवढी जागा लागते. तिने त्याला पाट दिला.

पहिला संशय आरशांवर गेला. दुकानात पाहावे तिकडे काच होती, आणि धाकटी नेहमी काचेच्या दारांच्या उंच कपाटाकडे तोंड करून बसत असे. थोरलीच्या पाठीमागून तिची पाने त्या काचेत दिसत असतील तर? पुढच्या सुट्टीला कारखान्यातली धूळ पुढे येते असे निमित्त करून तिने सगळ्या आरशांवर आणि काचांवर जुन्या चादरी टाकल्या. दुकान सुतकात असल्यासारखे दिसू लागले. मुनीने विचारलेच, कोण गेले म्हणून. धाकटीने चादरींकडे पाहिले, मग थोरलीकडे पाहिले, आणि शांतपणे सगळ्या बिजागऱ्या जिंकल्या.

मग पत्त्यांची पाळी आली. लाकडातली बारीक चीर शोधण्याचे भिंग घेऊन थोरलीने दुपारच्या उन्हात प्रत्येक पानाची पाठ तपासली. इस्पिकच्या राणीच्या कोपऱ्यावर एक पिवळट ठसा सापडला तेव्हा तिने ते पान हर्षाने बाजूला काढले. गुन्हा सापडल्याचा आनंद किती निंद्य असतो, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आले नाही. पण तसाच ठसा बदामच्या पंजीवरही होता, आणि चौकटच्या दुर्रीवरही. तो मुनीच्या अंगठ्याचा पॉलिशचा डाग होता. तरी तिने कोरा संच आणवला. कोऱ्या पानांनीही धाकटीचीच बाजू घेतली.

उरला दीर. बायकोला खुणा करीत असेल. तो खोकतो फार, अलीकडेच खोकू लागला आहे. थोरलीने एका सुट्टीला त्याला एक टेबल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला धाडले. खोकला गेला, खुर्ची रिकामी राहिली, आणि धाकटीने त्या दिवशी पूर्वी कधी जिंकल्या नव्हत्या इतक्या मुठी जिंकल्या.

याच सुमारास घरातल्या साध्या गोष्टींनाही संशयाचा वास येऊ लागला होता. धाकटीने चहा पुढे केला तर थोरली कपाऐवजी तिच्या डोळ्यांकडे पाही. ती दुकानात गिऱ्हाइकाशी काय बोलते, सासऱ्यांना औषध देताना किती वेळ थांबते, हे थोरलीला आपोआप दिसू लागले. सासरे धाकटीला एकदा बरे वाटावे म्हणून काही बोलले, तर ते खुर्चीबद्दलच असणार, हे तिने दाराआडूनच ठरवून टाकले. नवरा म्हणाला की तुझी झोप उडाली आहे. ती म्हणाली की माझी झोप उडालेली नाही, माझे डोळे उघडले आहेत.

शेवटी एका दुपारी बांध फुटला. थोरलीने फार मोठी हूल दिली होती. चेहरा तिने तासलेल्या लाकडासारखा सपाट ठेवला होता, स्क्रूंची रांग सरळ लावली होती, श्वास मोजून सोडला होता. धाकटीने क्षणभर पाहिले आणि मुठी पुढे सरकवल्या.

"दाखवा, जाऊबाई."

थोरलीने पाने दाखवली नाहीत. ती म्हणाली, "आधी तू बाह्या वर कर."

कोणाला काही उमजले नाही. मग दीर अर्धवट उठला. मुनीची वाचा बसली; ते त्याच्या आयुष्यातले बहुधा पहिले मौन असावे. धाकटी मात्र बसल्या जागी एकेक बाही कोपरापर्यंत गुंडाळू लागली, अगदी सावकाश, जणू भांडी घासायला बसली आहे. तिच्या हातांवर सरसाचे वाळलेले डाग होते. दुसरे काही नव्हते.

"पदरही झाडून दाखवू?" तिने विचारले.

सासऱ्यांनी उत्तर द्यायला कोणाला वेळ दिला नाही. त्यांनी टेबलावरची सगळी पाने गोळा केली, संच पेटीत घातला आणि आत गेले. त्यांच्या चालण्यात राग नव्हता, म्हातारपण होते. आणि थोरलीला ते रागाहून असह्य झाले.

दोन दिवस जावा-जावांत कामापुरते बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी थोरली मागच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांचे पाय निवडत असताना धाकटी आत आली आणि दार लोटून एका पेटीवर बसली. ती भांडायला आली असावी असे समजून थोरलीने मनातल्या मनात सगळी उत्तरे मांडून ठेवली. त्यांतले एकही कामी आले नाही.

धाकटी सांगू लागली की पत्ते तिला अजूनही येत नाहीत. एकाच रंगाची पाच मोठी की ओळीने पाच मोठी, यात ती अजून चुकते. पानांकडे ती फारशी पाहतही नाही. ती माणसांकडे पाहते. तिच्या माहेरी वडिलांचा स्वभाव असा होता की ते घरात शिरण्यापूर्वीच आजचा दिवस कसा जाणार ते ओळखावे लागे. जिन्यावरचे पाऊल, किल्ल्या ठेवण्याचा आवाज, चपला काढताना भिंतीला टेकलेला हात. ओळखले तर धाकट्या भावंडांना वेळेत शेजारी पाठवता येई. चुकले तर नाही.

"सगळे म्हणतात उपजत आहे," ती म्हणाली. "असेल. पण जाऊबाई, मी त्या अभ्यासाला रोज बसत होते. मला सुट्टीचा वारसुद्धा नव्हता."

थोरलीच्या हातातला खुर्चीचा पाय तसाच राहिला. तिने नको तेच विचारले. "मग माझ्यात काय दिसतं तुला?"

धाकटी जरा हसली. "खोटं करताना तुम्ही फार नीट होता. स्क्रू ओळीत, पाठ ताठ, श्वास सारखा. खरी पानं असली की तुम्ही स्वतःला विसरता. टेबलाची कड चाचपता, सांधा बघता. तुमच्यातला सुतार जागा होतो. बाकी काही नाही."

इतके बोलून ती गेली. थोरली पुन्हा खुर्च्यांचे पाय निवडू लागली. प्रथम तिला लाज वाटली. मग दया आली. आणि दयेच्या मागोमाग, लाथाडलेले कुत्रे दाराशी परत यावे तसा, संशय आला. ही आपले शस्त्र आपल्याच हाताने शत्रूला का देते आहे? जर हे खरे असेल तर ती मूर्ख आहे, आणि ती मूर्ख नाही. जर खोटे असेल तर हे जाळे आहे. मी ओळ मोडायला जाईन, कड चाचपायला जाईन, आणि ती नेमकी तिथेच टपून बसेल. वडिलांची गोष्ट तरी खरी कशावरून? डोळे ओले झाले होते का? कोठीत उजेड कमी होता.

तिने नवऱ्याला गाठले. तो एका कपाटाच्या पोटात शिरून फळी बसवत होता. खोटे करताना मी कशी दिसते, असे तिने विचारताच तो आतूनच म्हणाला, "माझ्याशी कधी खोटं बोललीस?"

"पत्त्यांत, हो."

फळी ठोकण्याचा आवाज थांबला. "पाहुण्यांपुढे दिसतेस तशी. छान."

ते उत्तर त्याने भोळेपणाने दिले होते, आणि म्हणूनच ते तिला साक्षीसारखे वाटले. तरी ती आरशापुढे बसलीच. एक चादर बाजूला करून तिने मनात खोटी पाने धरली आणि स्वतःकडे पाहिले. आरशात एक शहाणी, सुबक, दुकानात मांडल्यासारखी बाई बसली होती. वर्षानुवर्षे तिने आपले प्रावीण्य समजून जे जोपासले होते, ते कोणाही डोळसाला लांबून वाचता येईल असे होते. तिने चेहऱ्यावरची सगळी वाक्ये पुसली होती, आणि पुसलेली पाटीच नेमकी बोलत होती.

मोठ्या लिलावाच्या आधीची सुट्टी आली. सासऱ्यांनी संच पेटीतून काढताना एवढेच सांगितले की आज काय ते ठरेल. मागच्या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी केला नाही. पण वाटण्यापूर्वी त्यांनी पाने नेहमीपेक्षा जास्त वेळ पिसली. थोरलीने आरशांवरच्या चादरी तशाच ठेवल्या होत्या. त्या काढल्या असत्या तर तो पराभव दिसला असता, न काढणे हा हट्ट दिसत होता, आणि दोन्हींत तिला हट्ट बरा वाटला.

नवरा सवयीप्रमाणे लवकर संपला आणि समाधानाने भिंतीला टेकला. दिराचे कान लाल झाले आणि सगळे बाजूला सरले. त्याच्या हाती चार स्क्रू लागले. मुनीने आपल्या शेवटच्या बिजागरीवर एक प्रवचन दिले आणि ती घालवली. दुपार कलेपर्यंत टेबलाशी दोघीच उरल्या, आणि दोघींपुढचे ढीग साधारण सारखे होते.

सासऱ्यांनी वाटले. थोरलीने पाने उचलली. काही जुळत नव्हते. तिने तीन बदलली. तरीही काही जुळले नाही. एक एक्का होता, तो एकटाच, बिनसैन्याच्या राजासारखा. धाकटीने दोन बिजागऱ्या पुढे केल्या.

आता बाजूला व्हावे, की हूल द्यावी? थोरलीच्या मनात धाकटीचे शब्द घुमू लागले, आणि त्यांच्या मागे तिचे स्वतःचे सगळे तर्क. कड चाचपण्याचे नाटक केले तर ते नाटकच दिसणार. नीट बसले तर ते ठाऊकच आहे. जाळे असेल तर दोन्हीकडून असेल. या विचारांनी ती इतकी थकली की क्षणभर तिने खेळाकडेच दुर्लक्ष केले. तिचा डावा हात टेबलाखाली गेला, आणि बोटांना तिथे काही तरी लागले. टेबलाच्या पायाचा सांधा सैल झाला होता. हे टेबल तिनेच निवडून ठेवून घेतले होते. हा सांधा सरसाचा नव्हता, खुंटीचा होता, आणि खुंटी झिजली होती. बाभळीची घालावी की सागाची? सागाची हवेत फुगणार नाही, पण इथे भार मोठा. तिच्या कपाळावर खरोखरीची आठी आली. उजव्या हाताने तिने जवळच्या मुठी, जितक्या हाती आल्या तितक्या, वाकड्यातिकड्या पुढे ढकलल्या, आणि डाव्या हाताने सांधा हलवून पाहिला.

धाकटी पाहत राहिली. दुकानात कोणी खोकले नाही. मग धाकटीने एक बारीक उसासा टाकला आणि आपली पाने पालथी मध्ये ठेवली.

"तुमचं," ती म्हणाली.

मुनी उडाला. नवरा भिंतीपासून सरळ झाला. दिराने वहिनीच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि मग मर्यादेने तो मागे घेतला. तेवढ्या गजबजाटात थोरली एकटीच निश्चल होती. बाभूळ की साग हा प्रश्न विरला होता आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला होता. तिने सोडून तर दिला नाही ना हा डाव? दयेने? त्या बाहीच्या अपमानाची फेड म्हणून, आयुष्यभर उपकाराखाली ठेवायला? अशा तऱ्हेने जिंकून मी त्या खुर्चीत बसले तर दर लिलावाला माझ्या शेजारी हीच बसलेली असेल.

टाकलेली पाने पोकरमध्ये न पाहता संचात मिसळतात. तो नियम तिने स्वतः अनेकांना शिकवला होता. सासऱ्यांचा हात ती पाने गोळा करायला पुढे येतच होता. त्याच्या आधी थोरलीचा हात पोचला आणि तिने धाकटीची पाने उलटी केली.

छक्कीची एक जोडी. बाकी पाने नुसती भरती. इतक्या मोठ्या बोलीपुढे अशा जोडीवर कोणीही शहाणा माणूस बाजूला झाला असता. दया नव्हती, फेड नव्हती, जाळेही नव्हते. थोरलीने आपल्या हिमतीवर, आपल्या हुलीवर हा डाव जिंकला होता, आणि तिला तो स्वतःलाच खरा वाटला नव्हता.

सासऱ्यांनी हात मागे घेतला. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज मृदू होता.

"हातोडा पडला की वस्तू आपली, सूनबाई. दुसरा कुठवर गेला असता, ते बघायला जो मागं वळतो, त्याची पुढची बोली हुकते. ही खोड लिलावात चालत नाही." मग ते धाकटीकडे वळले. "खुर्ची तुझी."

दिराचा चेहरा आनंदाने फुलला. मुनीने सागवानाची उपमा नव्याने मांडायला घेतली. धाकटी हसली, आणि म्हणाली, "जशी तुमची इच्छा, मामंजी." तिने पुढ्यातल्या बिजागऱ्या एकत्र केल्या. एकीवर एक. कडा जुळवून.

थोरलीची मान खाली होती, म्हणून तिला प्रथम ते हातच दिसले. ती रचना तिच्या ओळखीची होती. तिने हळूच वर पाहिले. धाकटीची पाठ ताठ होती. श्वास सारखा होता. हसू चेहऱ्यावर अगदी जागच्या जागी होते, घडी न मोडलेल्या चादरीसारखे. आजवर त्या चेहऱ्यावर थोरलीने कपट शोधले होते, खुणा शोधल्या होत्या. तो नुसता वाचून पाहण्याचे तिला कधी सुचले नव्हते. आणि आता तो वाचताना कसलेच कष्ट पडत नव्हते, कारण त्या नीटपणाच्या आत राहायला कसे वाटते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

"तिला नको आहे, मामंजी," ती म्हणाली.

"काय?" सासऱ्यांना ऐकू आले नव्हते, की आले होते, कोण जाणे.

"तिला तिथं जायचं नाही. दिवसभर अनोळखी माणसांची तोंडं वाचत बसायला तिला नको आहे. ती घाबरली आहे."

दिराने बायकोकडे पाहिले. धाकटीने नाही म्हणण्यासाठी ओठ उघडले आणि ते तसेच राहिले. रचलेल्या बिजागऱ्यांपैकी वरची घरंगळून खाली पडली. मग तिने मान हलवली. होय की नाही हे विचारण्याची गरज कोणालाच पडली नाही.

सासऱ्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिले. त्यांनी पाने एकत्र केली, टेबलावर आपटून सारखी केली, पुन्हा आपटली.

"हे तू पान न उलटता ओळखलंस," ते अखेर थोरलीला म्हणाले. "येत्या लिलावाला माझ्याबरोबर चल. माझ्या शेजारी बस. लिलाववाला हाक देईल ती मला सांग, आणि समोरच्याचं जे दिसेल ते स्वतःशी ठेव. खुर्चीचं मागाहून पाहू. वर्ष लागेल, दोन लागतील. घाई मला नाही, आणि तुला तर सवयच आहे."

हे देणे होते की नकार, हे थोरलीला नीट कळले नाही. पण तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते कोणत्याही आरशासमोर शिकलेले नव्हते.

माणसे पांगली. मुनी दिराला घेऊन चहाला गेला. वाटेत तो प्रतिभा आणि अभ्यास यांबद्दल आता नेमके उलटे सांगत असल्याचे ऐकू येत होते. नवऱ्याने टेबल आडवे करून सैल सांधा शोधून काढला आणि पारखीच्या आनंदाने त्यात बोट घातले. दोघी जावा आरशांवरच्या चादरी काढू लागल्या. एकेक काच उघडी होत गेली तसतसे दुकान दुप्पट, तिप्पट झाले, आणि प्रत्येक काचेत दोघी दिसू लागल्या.

शेवटच्या चादरीशी आल्यावर थोरलीच्या मनात तो प्रश्न उभा राहिला. इतके दिवस जी बाई कोणाला काही दिसू देत नव्हती, तिला आजच, नेमक्या त्या घडीला, बिजागऱ्या कडा जुळवून रचण्याचे सुचले कसे? आणि तेही अशा रीतीने, की ते ओळखणारे या घरात एकच माणूस असावे, आणि ते ओळखायला शिकवणारीही तीच असावी? तिला भीती वाटत होती हे खरे. पण ती भीती तिच्याकडून सुटली होती, की तिने दिसू दिली होती?

तिने धाकटीकडे पाहिले. धाकटीने तिच्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत थकवा होता, थोडे हसू होते, आणि तिसरे काही होते ते थोरलीला वाचता येईना. विचारावे म्हणून तिने तोंड उघडले.

"ते टोक धर," ती म्हणाली. "घडी मोठी आहे, एकटीनं होत नाही."

धाकटीने टोक धरले. दोघींनी चादर ताणली, झटकली, आणि धुळीचा एक लोट उन्हात उभा राहिला. घडी घालताना त्या एकमेकींच्या जवळ आल्या, टोकाला टोक जुळवले, आणि थोरलीने ती घडी आपल्या हाती घेतली.